कुठलं दिसतंय?

नेवेन्काबाईंचा चेहरा बघण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून मी त्यांचा आवाज ओळखत होतो. आवाज कसा, तर जेवायला उशिरा आलेल्याला "हात धुतलेस का?" विचारणारा. त्यात राग नसायचा, पण सुटकाही नसायची. आमच्या दाल्मातियाच्या किनाऱ्यावरच्या विमानतळाच्या टॉवरमधून तो निघायचा आणि पोलिसांच्या हेलिकॉप्टरात मागे बसलेल्या माझ्या कानात शिरायचा.

मी वैमानिक नाही. मी श्पिरो, तंत्रज्ञ. इंजिनाकडे लक्ष ठेवायचं, दार उघडायचं, दोराने माणूस खाली सोडायचा नि वर ओढायचा, आणि उरलेला वेळ दोन माणसांचं भांडण हेडफोनवर मुकाट ऐकायचं, ही माझी नोकरी. ती दोन माणसं म्हणजे टॉवरमधल्या नेवेन्काबाई आणि आमचा कॅप्टन विन्को.

विन्को माणूस सोन्यासारखा, पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देईल तर शपथ. त्याची बायको सांगते, लग्नात पाद्र्याचा प्रश्न संपायच्या आत हा "हो" म्हणून मोकळा झाला होता. आणि आमच्या धंद्यात तर टॉवरने सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं म्हणून दाखवायचं असतं. परदेशी विमानांशी हे इंग्रजीत चालतं, आमच्याशी आपल्या भाषेत. आपली भाषा आली की विन्कोला वाटायचं, घरचाच मामला आहे.

"पोलीस सात, बेटाच्या टोकापर्यंत या. तिथे थांबा."

"कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही सांगितलंत ते."

"मग तेच सांगा."

विन्को माझ्याकडे वळून डोळे फिरवायचा आणि शाळेत कविता म्हणावी तशा सुरात म्हणायचा, "बेटाच्या टोकापर्यंत येतो, तिथे थांबतो, मास्तरीणबाई."

"बरोबर. शेवटचा शब्द नको होता."

हे "बरोबर" म्हणजे त्यांचा शिक्का. तो बसल्याशिवाय त्या कुणाला पुढे जाऊ देत नसत. विन्को खाली उतरला की कॉफी पिता पिता तासभर चरफडायचा. पण एक सांगतो, बाईंनी आम्हाला "नाही" असं क्वचितच म्हटलं. त्या "थांबा" म्हणत, आणि आम्ही थांबलेलो असताना कुणाला थोडं वर चढवून, कुणाला थोडं लांबून फिरवून आमच्यासाठी वाट काढत. चोरलेली मोटारबोट घेऊन एक दिवटा ऐन मोसमात पळाला, तेव्हा पर्यटकांनी भरलेल्या विमानांच्या गर्दीतून त्यांनी आम्हाला सुईत दोरा ओवावा तसं अलगद बाहेर काढलं होतं. आणि एकदा बुरा सुटला असताना, म्हणजे डोंगरावरून कोसळणारा आमचा तो थंड वारा, आम्ही एका बाळंतिणीला घेऊन येत होतो. हेलिकॉप्टर असं आदळत होतं की माझे दात वाजत होते. बाई न विचारता दर थोड्या वेळाने वारा किती आणि कुठून ते सांगत राहिल्या, भाजीचा भाव सांगावा इतक्या शांतपणे. त्या आवाजाला धरून आम्ही उतरलो. बाळंतीण सुखरूप, बाळही. विन्कोने तेव्हाही आभार मानले नाहीत. मीही नाही. आवाजाचे आभार कसे मानायचे, हे कुणाला सुचलंच नाही.

त्यांची आणखी एक खोड होती, आणि ती विन्कोच्या फारच डोक्यात जायची. टॉवरने सांगावं, अमुक ठिकाणी दुसरं विमान आहे. वैमानिकाने बघावं आणि म्हणावं, "दिसतंय." एकदा हा शब्द उच्चारला की त्या विमानाला टाळायची जबाबदारी वैमानिकाची. कुठल्याही टॉवरला हा शब्द कानाला गोड लागतो. नेवेन्काबाईंना लागत नसे.

"दिसतंय," विन्को म्हणायचा.

"कुठलं दिसतंय?"

"विमान."

"विमान मलाही दिसतंय. त्याचं तोंड कुठे आहे?"

तोंड कुठे आहे! हा प्रश्न नियमांच्या पुस्तकात नाही. विन्कोने मुद्दाम सगळं पुस्तक चाळून बघितलं आणि मला येऊन सांगितलं, "नाही म्हणजे नाही, श्पिरो! बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढलाय." मी म्हटलं, "मग लिहून तक्रार कर." तो म्हणाला, "त्या मला तक्रार पुन्हा म्हणायला लावतील."

आता त्या दिवसाचं सांगतो.

वसंत होता. रानशतावरीचे कोंब फुटायचे दिवस. या दिवसांत आमच्याकडची निम्मी माणसं ते खुडायला हातात काठी नि पिशवी घेऊन डोंगरावर असतात. कोंब मिळायची प्रत्येकाची आपली जागा ठरलेली, आणि ती सख्ख्या भावालाही कुणी सांगत नाही. त्यामुळे डोंगरात कुणी हरवलं, तर त्याला कुठे शोधायचं हे जगात कुणालाच माहीत नसतं. डोंगरातल्या गोर्न्या लोक्वा गावचा एक म्हातारा असाच सकाळी गेला तो परतला नव्हता. हृदयाच्या गोळ्या घरीच, टेबलावर. अंगात नुसता सदरा. आणि बुरा सुटायची चिन्हं दिसू लागली होती. रात्रभर त्या वाऱ्यात उघड्यावर हा माणूस टिकणार नाही, हे सांगायला डॉक्टर नको होता. शेजारणीने पोलिसांना कळवलं तेव्हा सूर्य बराच खाली आला होता.

आम्ही बेटावरून परतत होतो. सोबत डोंगरी बचाव पथकाचा लोव्रे होता, दोराने खाली उतरणारा. समोर डोंगर, आणि आमच्या नि डोंगराच्या मधून, डावीकडून उजवीकडे, समुद्रावरून उतरणाऱ्या विमानांची वाट.

विन्कोने टॉवरला साद घातली. "पोलीस सात. थेट डोंगराकडे जायचंय. म्हातारा हरवलाय, गोर्न्या लोक्वाचा. बार्तुल रादमान. निळी टोपी. अंधार पडायच्या आत सापडला नाही, तर संपला."

नाव सांगायची काही गरज नव्हती. टॉवरला नावाशी काय करायचंय? पण विन्कोला अर्धवट सांगणं जमत नाही, तसंच अर्धवट गप्प बसणंही.

आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. बार्तुल रादमान म्हणजे नेवेन्काबाईंचे वडील.

बाईंचं उत्तर येईना. इतकी वर्षं मी ऐकतोय, त्या कधी उशीर करत नसत. मला वाटलं रेडिओच बिघडला, म्हणून मी माझा खटका खालीवर करून पाहिला. मग आवाज आला, नेहमीचाच. "पोलीस सात, समजलं. डोंगराच्या दिशेने या. विमानांची वाट ओलांडू नका, मी सांगेन तेव्हाच."

पुढे कळलं ते असं. बाईंनी तेवढ्यात शेजारी बसलेल्याला हाताने खूण करून खालच्या मजल्यावरच्या सहकाऱ्याला बोलावून घ्यायला सांगितलं होतं. घरचं माणूस गुंतलं असेल तर खुर्ची सोडायची, नियम तसाच आहे, आणि बाई नियमाच्या. पण तो जिना चढून येणार, आकाशात कोण कुठे आहे ते समजून घेणार, मग खुर्ची घेणार. तोवर त्यांनाच बसून राहावं लागणार होतं. उडणाऱ्या विमानांना "जरा थांबा, माझे बाबा हरवलेत" असं सांगता येत नाही.

"पोलीस सात, उतरणारं विमान आहे. दोन पंख्यांचं, समुद्राकडून येतंय. दिसलं की सांगा."

उजव्या हाताला, खाडीवर, एक मोठं पांढरं विमान अगदी खाली गेलेलं दिसत होतं. विन्कोने पाहिलं. मी पाहिलं. लोव्रेने बोट दाखवलं. सगळ्यांचं एकमत.

"दिसतंय! त्याच्या मागून जातो!" विन्को म्हणाला आणि त्याने हेलिकॉप्टरचा वेग वाढवलासुद्धा.

"कुठलं दिसतंय?"

"अरे देवा, आज तरी नको!" विन्को आमच्याकडे बघून ओरडला. मग खटका दाबून बोलला, "बाई, वर माणूस मरतोय! दिसतंय म्हटलं ना!"

"पोलीस सात. त्याचं तोंड कुठे आहे?"

आवाजात काडीचा फरक नव्हता. वर मरणारा माणूस कोण आहे हे आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं, आणि फरक नव्हता. 

"धावपट्टीकडे तोंड! माझ्या उजव्या हाताला! शेपूट दिसतंय मला त्याचं!"

"मग ते नव्हे. ते आधीचं, पुढे गेलेलं. पोलीस सात, मागे वळा, आत्ताच. बेटाच्या टोकावर गोल फिरा. पुन्हा म्हणा."

विन्कोच्या तोंडाआधी त्याचा हात वळला, आणि त्या हातासाठी मी देवाचे आभार मानतो. हेलिकॉप्टर कलंडलं, मी दाराला धरलं, आणि डावीकडच्या त्या मावळतीच्या उन्हातून, जिथे बघवतही नव्हतं, दोन पंख्यांचं विमान बाहेर आलं. आमच्याच उंचीवर. आम्ही जिथे पोचणार होतो, त्या जागेवरून ते सरळ निघून गेलं. त्याच्या खिडकीला टेकून झोपलेलं एक डोकं मला दिसलं. केस पांढरे होते, एवढंसुद्धा दिसलं.

"मागे वळतो," विन्को म्हणाला. "बेटाच्या टोकावर गोल फिरतो."

"बरोबर."

लोव्रेने छातीवर क्रूसाची खूण केली. विन्कोची मान, जी रागाने लाल झाली होती, ती आता कागदासारखी पांढरी पडली. आम्ही टोकावर फेऱ्या मारत राहिलो आणि तिकडे सूर्य खाली जात राहिला. विमान लांब गेलं, त्याच्यामागचा वाऱ्याचा लोट विरला, तेव्हा कुठे आवाज आला.

"पोलीस सात, वाट मोकळी आहे. ओलांडा, थेट डोंगराकडे जा." आणि मग, जी बाई कधी एक शब्द जास्तीचा बोलली नाही, ती म्हणाली, "शोधा त्यांना."

"ओलांडतो, थेट डोंगराकडे जातो," विन्को म्हणाला. वाक्य पुरं झाल्यावर, सावकाश. मास्तरीणबाई म्हणाला नाही. "शोधतो त्यांना."

"बरोबर."

आमचे डोंगर म्हणजे पांढरा दगड, त्यावर पांढरा दगड. तिरप्या उन्हात प्रत्येक दगड बसलेल्या माणसासारखा दिसतो. आम्ही कितीदा तरी फसलो. शेवटी मेंढपाळांच्या जुन्या दगडी खोपटाजवळ काहीतरी हललं. म्हातारबुवा भिंतीला टेकून बसले होते आणि प्लॅस्टिकची पिशवी हलवत होते. पाय मुरगळून भोपळ्याएवढा झालेला. लोव्रे दोराने उतरला, त्याने त्यांना पट्ट्यात बांधलं, तर हे खालून ओरडतायत, "टोपी राहू दे रे! पिशवी घे, पिशवी!"

वर आल्यावर मी त्यांना घोंगडीत गुंडाळलं. हात बर्फ झाले होते, ओठ निळे. बुरा सुटलाच होता. इंजिनाचा आवाज सोसवेना म्हणून मी एक हेडफोन त्यांच्या कानावर चढवला.

टॉवरमध्ये आता सहकाऱ्याचा आवाज होता. विन्कोने सांगितलं, "पोलीस सात. म्हातारा सापडला. जिवंत आहे. पाय मुरगळलाय, तोंड मात्र शाबूत."

मग बाईंचा आवाज आला. खुर्ची सोडली होती त्यांनी, पण घरी गेल्या नव्हत्या.

"पुन्हा सांगा."

विन्कोला काही उमगलं असावं. त्याने थट्टा टाकली आणि एकेक शब्द वेगळा करून म्हणाला, "सापडले. जिवंत आहेत."

"सापडले," बाई म्हणाल्या. "जिवंत आहेत."

आणि थांबल्या. त्यांनी म्हणून दाखवलं होतं. आता शिक्का आमच्याकडून हवा होता.

"बरोबर," विन्को म्हणाला.

तेवढ्यात माझ्याशेजारी घोंगडी हलली. "अरे, ही तर माझी नेवा!" म्हातारबुवा ओरडले. "माझी पोरगी आहे ही! काय करतेय ती तुमच्या टोपड्यात?"

विन्कोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी आजवर त्याला कधी चिडवलेलं नाही, आणि मी सगळ्याबद्दल चिडवतो.

आमच्याकडे ज्याच्या घरी आनंद, त्याने इतरांना जेवू घालायचं. पुढच्या रविवारी बाईंनी आम्हा तिघांना गोर्न्या लोक्वाला बोलावलं. विन्को कोकराची तंगडी आणि घरच्या दारूचा बुधला घेऊन हजर. दारातच जुंपली.

"हे परत न्या," बाई म्हणाल्या. "वडील माझे सापडलेत. जेवण माझं."

"जन्म माझा नवा झालाय," विन्को म्हणाला. "जेवण माझं."

शेवटी दोन्ही जेवणं जेवायची ठरली, आणि ती जबाबदारी मी आनंदाने घेतली.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. मला वाटलं होतं उंच, थोराड हाडापेराच्या असतील. बघतो तर माझ्या खांद्याला लागणारी बुटकी बाई, चष्मा साखळीने गळ्यात, दंडाला पीठ लागलेलं. अंड्यांत परतलेले कोंब त्यांनी टेबलावर ठेवले, त्याच पिशवीतले. बार्तुलकाका पाय स्टुलावर ठेवून यजमानाच्या खुर्चीत, आणि पहिला घास पोटात गेल्या गेल्या आमच्यावर घसरले.

"तुम्ही पोरं चांगली आहात, पण डोळ्यांनी अधू. मी वरून बघत होतो ना! बेटाच्या टोकावर गरगर, गरगर. इकडे मी गारठतोय, आणि तुम्ही तिकडे फेऱ्या मारताय! मी म्हटलं, रस्ता चुकले की जत्रेला आले?"

आम्ही ताटात बघत राहिलो. विन्कोने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी बाई बोलल्या.

"मी थांबवलं होतं, बाबा."

"तू?"

"मधून विमान येत होतं. ह्यांना दुसरंच दिसलं."

काकांनी काटा खाली ठेवला. "माहीत होतं तुला? वर मी आहे म्हणून?"

"हो. नाव सांगितलं होतं ह्यांनी."

"आणि तरी थांबवलंस."

"थांबवलं."

मला वाटलं, आता उठून जावं. काकांनी मुलीकडे निरखून पाहिलं. मग म्हणाले, "ह्यांनी सांगितलं, दिसतंय, आणि तू विचारलंस, कुठलं?"

"हो."

"तोंड कुठे आहे, ते विचारलंस?"

"विचारलं."

ते आमच्याकडे वळले. "एवढीशी होती, शेळ्या घेऊन जायची वर. एक कमी भरली की मी खालून ओरडायचो, दिसतेय का? ही म्हणायची, दिसतेय. वर जाऊन बघावं तर दगड! आपली शेळी पांढरी, आपला दगड पांढरा. मग मी हिला शिकवलं. नुसतं दिसते म्हणू नकोस. कुठली ते सांग, तोंड कुठे आहे ते सांग. दगडाला तोंड नसतं."

विन्को खुर्चीवरून उठला. धिप्पाड माणूस, पण उभं राहून हातांचं काय करायचं ते त्याला कळेना. "बाई," तो म्हणाला, "मी इतकी वर्षं..." आणि ते वाक्य त्याने तिथेच सोडलं. "आभारी आहे. मी, माझी बायको, पोरं. हे दोघंसुद्धा. आम्ही सगळे."

बाईंनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं नाही. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या, आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

काकांनी ताट पुढे ओढलं, कोंबांचा मोठा ढीग विन्कोच्या ताटात ढकलला, आणि मुलीकडे न बघता म्हणाले, "बरोबर केलंस, पोरी."

बाई पाव आणायला म्हणून आत गेल्या. पाव टेबलावरच होता. त्या परत येईपर्यंत आम्ही जेवायचे थांबलो.